वेलिगोड्याचा अर्धा शिक्का

अल कुसैस, दुबई
२० मे २०२५

तीर्थरूप वासुकाकांस,
शि. सा. न. वि. वि. हेमाकाकूला वेगळा नमस्कार, कारण तुमच्या नमस्कारात तिला गुंडाळलेलं तिला चालत नाही.

फोनवर मी काही सांगायला लागले की तुम्ही म्हणता, पत्रात लिही, फोनला तिकीट लागत नाही. तर घ्या पत्र. आम्ही तिघं मजेत. ऊन आता चांगलंच तापलंय. सुजीत शारजाच्या औद्योगिक भागातल्या ऑफिसात जातो तो गाडीतल्या एसीला नमस्कार करूनच. सान्वी नववीत गेली आणि मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देण्यात पूर्ण तरबेज झाली.

पण खरी बातमी समोरच्या दारातली आहे. तिथे नीलंती राहते. श्रीलंकेची, क्लिनिकच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि मला अक्का म्हणते. गेल्या आठवड्यात बुद्धपौर्णिमा झाली, तिच्याकडे तिला वेसाक म्हणतात. तिने कामट्या आणि पातळ कागदाचा मोठा आकाशकंदील स्वतः बांधला, पांढरी साडी नेसली आणि दार सताड उघडं टाकून अख्ख्या मजल्याला दूधभात वाढला. नारळाच्या दुधातला, वड्या पाडलेला. आमचा वॉचमन मुश्ताक दोनदा येऊन गेला. दिवाळीत शेजाऱ्यांचा डबा भरताना त्यांच्याकडून काय आलं होतं हे माझ्या डोक्यात असतंच. ही बाई दारात उभी राहून येईल त्याला वाढत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला स्वतःची जरा लाजच वाटली.

कंदिलाखाली तिने आठ पाकिटं ओळीने मांडली होती. तिचे वडील दर वेसाकला गावाहून शुभेच्छापत्र धाडायचे. गेल्या सप्टेंबरात ते वारले, त्यामुळे या वर्षीचं आलं नाही. म्हणून तिने जुनी काढून ठेवली. काका, त्या प्रत्येक पाकिटावर त्या त्या वर्षीचं वेसाकचं तिकीट आहे. विहारांच्या भिंतींवरची चित्रं, नखाएवढ्या जागेत. एकावर मायादेवी झोपलीय आणि तिच्या स्वप्नात पांढरा हत्ती उतरतोय. सान्वीने मोबाइलने मोठं करून पाहिलं, तर हत्तीच्या पायाची नखंसुद्धा रंगवलेली. मी बघतच राहिले, आणि मला तुमची आठवण झाली. तुमचं सांगितल्यावर नीलंतीने लगेच पाकिटं माझ्या हातात दिली. म्हणाली, तिकिटं तुझ्या काकांना दे, पाकिटं मला परत दे. काय करू ते लवकर कळवा.

माया आहेच, ती वाढत राहावी.
तुमची,
अनू

नाशिक
३ जून २०२५

चि. सौ. अनुराधास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. हेमा विचारत होती की कोणाला काय झालं. मी म्हटलं, मला झालंय.

तुला ठाऊक आहे, चित्रकलेचा मास्तर म्हणून मी दर वर्षी पोरांना पांडवलेण्यांत स्केचिंगला न्यायचो. पोरं डबे खायची आणि मी बुद्धासमोर बसून राहायचो. तिथूनच हा तिकिटांचा नाद लागला. तीस देशांचे बुद्ध माझ्या वहीत आले, पण शेजारच्या श्रीलंकेची गेल्या काही वर्षांची वेसाकची तिकिटं नाहीत. दुकानात कोरी मिळतात. मला कोरी नकोत. जे कुठे गेलंच नाही ते तिकीट मला चित्रासारखं वाटतं, तिकिटासारखं वाटत नाही. आणि चित्रं म्हणशील तर तू लिहिलंस ते अगदी बरोबर आहे. त्या भिंती रंगवणाऱ्यांची रेघ एका दमात ओढलेली असते. मी चाळीस वर्षं फळ्यावर रेघा ओढल्या, मला तशी एक जमली असेल तर शपथ. ऑगस्टमध्ये आमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे, त्यात हे पान लागलं तर मला दुसरं काही नको.

आता नीट वाच. तिकिटं काढू नकोस. पाकिटांना पाणी लावू नकोस. पोस्टाचा शिक्का अर्धा तिकिटावर असतो आणि अर्धा पाकिटावर, तो मोडला की दोन्ही बाजू मुक्या होतात. लहानपणी मेच्या सुट्टीत मी तुला ताटलीत पाणी देऊन तिकिटं सोडवायला बसवायचो, ते तू गप्प बसावीस म्हणून. ती बाजारातली ढिगाची तिकिटं होती. ही तिच्या वडिलांची आहेत. पाकिटासकट फोटो काढून पाठव, मी छापून लावीन. तेवढ्याने माझं पोट भरेल.

तिला माझा आशीर्वाद सांग. जावयांना आणि सान्वीला आठवण.
तुझा,
वासुकाका

अल कुसैस
८ जून २०२५

ती. वासुकाका आणि हेमाकाकू, दोघांना वेगवेगळे साष्टांग नमस्कार.

तुमच्या उत्तराची वाट पाहून मी थकले. इथे पत्र घरी येत नाही, सुजीतच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये येतं आणि पेटीची किल्ली असते रफिककडे. रफिक ईदला गावी गेलाय. तो आला की टपाल येईल, इन्शाल्ला, असं ऑफिसात सगळे म्हणतात आणि कोणी हलत नाही.

इतक्यात सुजीतचा मावसभाऊ अथर्व नाशिकला निघाला. दुबईहून कोणी निघालं की अर्ध्या बिल्डिंगचं सामान त्याच्या बॅगेत जातं, तर माझं एक पाकीट का जाऊ नये? म्हणून काका, तुमची शिकवण कामाला लावली. कोमट पाणी, पसरट ताटली, धीर. पाकिटं कापली नाहीत बरं का. फक्त कोपरा पाण्यात बुडवला आणि तिकीट आपण होऊन सरकेपर्यंत थांबले. चिमट्याने उचललं, टीपकागदात ठेवलं, वर सान्वीचा जाडजूड ॲटलास. एकाही तिकिटाच्या कडेचा दात तुटला नाही. सान्वीने इंग्रजीत सुनावलं की मला विचारायचं होतंस, पण तिला काय कळतंय त्यातलं.

आठही अथर्वच्या हाती दिली आहेत. हे पत्र पोचेपर्यंत ती तुमच्या वहीत बसली असतील. शाबासकी राखून ठेवा, येईन तेव्हा घेईन.

तुमची लाडकी विद्यार्थिनी,
अनू

अल कुसैस
२४ जून २०२५

ती. वासुकाकांस सा. न.

आज कुशल लिहायला हात धजत नाही.

रफिक आला, टपाल आलं, तुमचं तीन तारखेचं पत्र आलं. ते वाचलं तेव्हा मी आधीच सगळं करून बसले होते. पाकिटंही परत देऊन झाली होती. ती देताना काय झालं ते लिहिते.

नीलंतीने पहिलं पाकीट हातात घेतलं आणि कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे अर्धं वर्तुळ. तिच्या गावाचं नाव वेलिगोडा, त्यातलं निम्मं वर्तुळात उरलंय आणि निम्मं नाशिकला गेलंय. मग शेवटचं, गेल्या वर्षीचं पाकीट तिने बघितलं. वडील शाईच्या पेनाने लिहायचे. पाणी कोपऱ्यावरून पत्त्यापर्यंत चढलं असावं, तिच्या नावाची अक्षरं पसरून निळा डाग झालाय. मी ते पाहिलं होतं, काका. वाळेल, असं मनाला सांगितलं होतं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली की मीच दिली होती अक्का, मलाही सुचलं नाही, आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटली की हसते, पण ते लिफ्टपुरतं. ऑगस्टच्या शेवटी ती गावी जाणार आहे, वडिलांच्या वर्षश्राद्धाला. भिक्खूंना भोजन देतात तेव्हा ही पाकिटं ती वडिलांच्या फोटोपाशी मांडणार होती. आईने ती एकदाही पाहिलेली नाहीत, कारण तिकडून निघायची आणि इकडे यायची. आईला काय दाखवू, असं ती फोनवर क्लिनिकमधल्या मैत्रिणीला हिंदीत म्हणाली. दारं पातळ आहेत, मला ऐकू आलं.

मला फार वाईट वाटतंय. कोणाचं काही चोरलं नाही, फाडलं नाही, उलट जपून केलं, आणि तेच नडलं. काय करू ते सांगा. यापुढे तुम्ही सांगाल तेच करीन.

तुमची,
अनू

नाशिक
६ जुलै २०२५

चि. अनूस आशीर्वाद. रडणं पुरे.

आधी माझं सांगतो. अथर्वने तिकिटं दिली त्याच दिवशी काय झालंय ते मला कळलं. प्रत्येकावर अर्धा शिक्का होता. मी तुला फोन लावायला उचलला आणि खाली ठेवला, कारण तोपर्यंत तो हत्ती माझ्या समोर होता. मग मी आठही तिकिटं प्रदर्शनाच्या पानावर लावली, खाली सुंदर अक्षरात नावं घातली, आणि तीन आठवडे रोज सकाळी चहा घेऊन त्यांच्यापुढे बसलो. तेव्हा तू एकटीच दोषी आहेस असं समजू नकोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी पान उघडलं आणि तिकिटं काढली. ती अथर्वबरोबरच परत पाठवतोय. तू सोडवलीस, तूच लावायचीस, आणि नीलंतीला शेजारी बसवून लावायचीस. तिने नको म्हटलं तर तिकिटं तिच्या हातात दे आणि निघून ये.

कृती अशी. वर्षं जुळवून प्रत्येक तिकीट त्याच्या पाकिटापाशी ठेव. शिक्क्याची शाई तेलाची असते, ती पाण्याला भीक घालत नाही, त्यामुळे दोन्हीकडची वर्तुळं शाबूत आहेत. तिकीट कोरडंच सरकवत राहा, घाई नको. वर्तुळाची रेघ रेघेला मिळाली की तिथे पेन्सिलीने बारीक खूण कर. मग डिंकाचा एकच ठिपका मधोमध. कडांना लावू नकोस. पसरलेल्या शाईला हात लावू नकोस, ती तशीच राहील. ते तिला खरं खरं सांग.

एक गोष्ट बाकी. सुटलेलं तिकीट पाकिटावर पुन्हा चिकटवणं आमच्या मंडळात फसवणूक समजतात. याच मुद्द्यावर मी सोमनाथरावांचं पदक अडवलं होतं आणि आम्ही दोघं अकरा वर्षं बोललेलो नाही. म्हणून प्रत्येक पाकिटाच्या मागे, खाली, पेन्सिलीने लिही: काढून पुन्हा लावले. एवढं लिहिलं की लबाडी उरत नाही. आणि सोमनाथरावांना यातलं काही कळवायची गरज नाही.

घाबरू नकोस. तुझा हात स्थिर आहे, तो मीच घडवलाय.
तुझा,
वासुकाका

अल कुसैस
२१ जुलै २०२५

ती. वासुकाका, आज नमस्कार वाकून आणि मनापासून.

अथर्वने तिकिटं दिली त्याच दिवशी मी समोरची बेल वाजवली. तुमचं पत्र नीलंतीला हिंदीत वाचून दाखवलं. रोज सकाळी चहा घेऊन बसायचात, हे आल्यावर तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मग उठली, डायनिंग टेबल पुसलं आणि पाकिटं आणली.

पहिलं तिकीट बसवायला मला किती वेळ लागला ते विचारू नका. सरकवते, जरा पुढे जातं. मागे घेते, वाकडं होतं. सान्वी मोबाइलने मोठं करून बघत होती आणि थोडं लेफ्ट, थोडं राइट करत होती. आणि एकदम रेघ मिळाली. अर्धं नाव अर्ध्या नावाला जाऊन भिडलं. नीलंतीने तोंडावर हात ठेवला. तिने ते आपल्या भाषेत मोठ्याने वाचलं, तिच्यामागून आम्ही दोघींनी म्हटलं, आणि मग मी डिंक लावला.

पुढची तिने लावली. तिचा हात माझ्याहून स्थिर आहे काका, ती दिवसभर काचेच्या पट्ट्यांवर थेंब ठेवते. लावता लावता बोलत होती. वडील वेसाकच्या तिकिटासाठी पोस्ट उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसायचे. शिक्का नीट गोल उमटला पाहिजे म्हणून पोस्टमास्तरांना कोपरापर्यंत बाही वर करायला लावायचे. आधी ती हे हसत सांगत होती, मग हसेना झाली. मलाही हसू येईना.

शेवटच्या पाकिटावरचा निळा डाग तसाच आहे. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे खरं सांगितलं की हा जाणार नाही. ती म्हणाली, राहू दे, आईला सांगीन की दुबईत एक अक्का आहे, तिचा हा. मागे पेन्सिलीने तुमचं वाक्य लिहिलं. तिने त्याखाली आपल्या लिपीत काहीतरी लिहिलं, ते मी विचारलं नाही.

आता दार पुन्हा उघडं असतं. पण काका, तुमचं प्रदर्शनाचं पान? त्याबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलं नाहीत.

पायांवर डोकं ठेवून,
अनू

नाशिक
१९ ऑगस्ट २०२५

चि. अनूस हेमाकाकूचे आशीर्वाद, वेगळे आणि स्वतःच्या हाताने.

तू यांना पानाचं विचारलंस आणि हे उत्तर टाळतायत, म्हणून मीच लिहिते. यांनी ते पान काढलं नाही. तसंच लावलं. आठ रिकाम्या चौकटी पेन्सिलीने आखलेल्या, प्रत्येकीखाली चित्राचं नाव, आणि तळाशी एक ओळ: ही तिकिटं आपापल्या पाकिटांवर परत गेली आहेत. मी म्हटलं, लोक हसतील. हे म्हणाले, हसू देत.

परीक्षक होते सोमनाथराव. दुसरे कोण असणार. सगळी पानं भराभर बघत आले आणि या रिकाम्या पानापुढे उभे राहिले. यांना बोलावून विचारलं. यांनी सगळं सांगितलं, डिंकाचा ठिपकासुद्धा सांगितला. सोमनाथराव म्हणाले, अपूर्ण पानाला पदक देता येणार नाही. हे म्हणाले, मीही दिलं नसतं. आणि मग तो माणूस अकरा वर्षांनी आमच्या घरी चहाला आला, साडेतीन तास हलला नाही, माझा चिवडा संपवून गेला.

अनू, या माणसाशी लग्न करून मला पन्नास वर्षं होतील. तिकिटांवरून मी यांना किती बोलले असेन त्याला गणती नाही. पण त्या पानापुढे उभे होते ना, तेव्हा मला यांचा फार अभिमान वाटला. हे त्यांना कळवू नकोस, डोक्यावर बसतील.

लोभ माझ्यावरही असू दे.
हेमाकाकू

नाशिक
१४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. अनुराधास अनेक आशीर्वाद.

आज टपालात एक पाकीट आलं. वर माझं नाव, नीलंतीच्या अक्षरात. कोपऱ्यात या वर्षीचं वेसाकचं तिकीट आणि त्यावर वेलिगोड्याचा शिक्का. अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर, असा गोल की कंपास लावून बघावा.

आत इंग्रजीत छोटं पत्र आहे. वर्षश्राद्ध नीट झालं. आईने आठही पाकिटं मांडीवर घेऊन बघितली, आणि निळ्या डागावर बोट ठेवून अक्काची चौकशी केली. नंतर नीलंती पोस्टात गेली. पोस्टमास्तर तेच. तिने वडिलांचं नाव सांगताच ते आत गेले आणि कागदात गुंडाळलेलं एक तिकीट घेऊन आले. दर वेसाकला तिच्या वडिलांसाठी एक बाजूला काढून ठेवायची त्यांना सवय, ते या वर्षीही काढून ठेवलं होतं. माणूस गेला हे गावात सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही. तरी ठेवलं.

ते तिकीट तिचं होतं, अनू. नववं पाकीट झालं असतं. ते तिने मला पाठवलं. लिहिलंय की पोस्टमास्तरांना तुमचं सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी बाही कोपरापर्यंत वर केली.

मी मास्तर माणूस, पोरांना रडताना गप्प करत आलो. आज माझं मलाच जमलं नाही. त्या रिकाम्या पानावर आता हे एकटं बसेल, मधोमध. बाकीच्या चौकटी मी पुसणार नाही.

हेमा मघाशी नेहमीप्रमाणे पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि टेबलावर ठेवायला वाकली. मग तिने पाकीट पाहिलं. तांब्या उचलून ती परत स्वयंपाकघरात गेली.

नीलंतीला एवढंच कळव.
तुझा,
वासुकाका